विश्लेषण : चॅरिटी फूड टेस्टिंगच्या काळात केडगावचा भटारखाना का आठवावा? काय होता पंडिता रमाबाईंचा प्रयोग?

लॉनवर आठ-दहा स्टॉल, एकीकडे गावातल्या सुगरणी, दुसरीकडे बाहेरून आलेले शेफ, हातात छोटी प्लेट आणि गळ्यात तिकिटाचा पट्टा. चव घ्यायची, फोटो काढायचे आणि जमलेला पैसा एखाद्या सामाजिक संस्थेला द्यायचा. चॅरिटी फूड टेस्टिंग या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार मोठ्या शहरांत आता रुळला आहे. पण खाण्याच्या निमित्ताने उभा राहिलेला निधी भुकेल्या माणसाच्या ताटापर्यंत किती दिवस पोहोचत राहतो, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे एक उत्तर पुणे जिल्ह्यातच सापडते. दौंड तालुक्यातील केडगाव येथे सव्वाशे वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंनी परदेशातून निधी उभारून दुष्काळग्रस्त मुली आणि स्त्रियांसाठी मोठा भटारखाना उभा केला. त्यांना तो का उभारावासा वाटला, पैसा कुठून आला, रोजचे जेवण कसे शिजत होते आणि वाद कशावरून झाला, याचा हा आढावा.

अन्नदानामुळेच घर कसे मोडले?

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, यावरून त्या काळी मोठा गहजब झाला. शेवटी अनंतशास्त्रींनी जंगलात आश्रम थाटला.

आश्रम तीर्थक्षेत्राच्या वाटेवर होता. येणाऱ्या यात्रेकरूंना आणि विद्यार्थ्यांना जेवू घालणे हा तिथला नेम होता. आवक ठरलेली नव्हती, पंगत मात्र थांबत नव्हती. कर्ज वाढत गेले आणि रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाला आश्रम सोडावा लागला. वेताच्या पेटीत ठेवलेले ते तान्हे मूल डोक्यावर घेऊन प्रवास सुरू झाला.

पुढची अनेक वर्षे हे कुटुंब पुराण सांगत देशभर फिरले. मिळालेल्या दक्षिणेतला बराचसा भाग तीर्थक्षेत्रांवरील दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनात जात होता. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा गाठीला काहीच उरले नव्हते. भीक मागण्याची किंवा मजुरी करण्याची सवय नव्हती. झाडपाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली.

उरले ते रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी हजारो मैल पायी प्रवास केला. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाशी खायचे, नाही तर रानातली बोरे. उत्तरेतल्या कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते म्हणून नदीकाठी खड्डा करून कोरड्या वाळूत अंग पुरून त्यांनी रात्र काढली. पुढे केडगावला आलेल्या मुलींची अवस्था काय असेल, हे रमाबाईंना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

पंडिता ही पदवी कशी मिळाली?

1878 मध्ये भाऊ-बहीण कोलकात्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचे संस्कृत ऐकून त्यांना पंडिता आणि सरस्वती या उपाध्या दिल्या. 1880 मध्ये भावाचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय, नोंदणी पद्धतीने विवाह केला. 1881 मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पतीचे कॉलऱ्याने निधन झाले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आले आणि पदरात तान्ही मुलगी होती.

त्या पुण्याला आल्या. 1882 मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगासमोर साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याचा आग्रह धरला. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला तरी ताट बदलले नाही. इंग्लंडमध्येही त्या शाकाहारीच राहिल्या. हा जुन्या जातीच्या अभिमानाचा अवशेष आहे, असे तिथल्या जोगिणींना वाटायचे. रमाबाईंनी मात्र या बाबतीत कोणाचे ऐकले नाही.

पैसा कसा उभा राहिला?

1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे सुमारे अडीच वर्षे राहिल्या. बालविधवांच्या स्थितीवर त्यांनी 1887 मध्ये 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. गावोगावी व्याख्याने दिली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली.

या निधीची रचना आजच्या वाचकाला ओळखीची वाटेल. ठिकठिकाणी रमाबाई सर्कल नावाची मंडळे निघाली. प्रत्येक सदस्याने वर्षाला 1 डॉलर द्यायचा आणि तो सलग 10 वर्षे द्यायचा. आजच्या भाषेत हे मासिक ऑटो-डेबिटचे जुने रूप. एका समारंभात भरघोस रक्कम जमवून मोकळे होण्याऐवजी छोटी पण ठरलेली आवक, असा हा हिशेब होता. वडिलांच्या आश्रमात नेमकी हीच गोष्ट नव्हती.

या पैशातून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. 1890 मध्ये ते पुण्याला हलले. तिथे ब्राह्मण विधवा मुलींना जातीचे आणि सोवळ्या-ओवळ्याचे नियम पाळण्याची मोकळीक होती. पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई. 1893 मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्वेंच्या हिंगण्याच्या कामामागे या घराची प्रेरणा होती.

केडगावच का?

अमेरिकेतली वर्गणी 10 वर्षांसाठी होती. ती संपल्यावर काय, हा विचार करून रमाबाईंनी 1890 च्या दशकाच्या मध्यात केडगावला सुमारे 100 एकर जमीन घेतली. हे केडगाव म्हणजे पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचे स्टेशन. अहिल्यानगरजवळचे केडगाव वेगळे.

दौंड आणि भीमेपलीकडचा शिरूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. आज या पट्ट्यात ऊस आणि गुऱ्हाळे दिसतात, पण पावसाचा भरवसा इथे कधीच नव्हता. अशा ठिकाणी विहिरी खणून, फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर संस्था चालवायची, अशी मूळ योजना होती. म्हणजे केडगाव आधी शेत होते, आश्रयस्थान नंतर झाले.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या. सरकारी मदत केंद्रांत आणि अन्नछत्रांत त्यांनी जे पाहिले त्यात भुकेइतकीच आणखी एक गोष्ट भयानक होती. एकट्या पडलेल्या मुली अन्नासाठी कोणाच्याही हाती लागत होत्या. अन्न वाटले जात होते, पण ते घेणारी मुलगी सुरक्षित नव्हती. त्यांनी सुमारे 300 मुली आणि स्त्रियांना सोबत आणले.

त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला. शहरात एवढी माणसे ठेवणे शक्य नव्हते. मुलींना केडगावच्या शेतावर नेण्यात आले. सुरुवातीला तंबू, झोपड्या आणि शेतावरचा गोठा हेच घर होते. इथूनच मुक्ती सदन आकाराला आले. याच काळात पुण्यातील प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी वृत्तपत्रातून टीका केली आणि सरकारची नाराजीही ओढवून घेतली.

दीड हजार माणसांचा स्वयंपाक कसा होत असेल?

1899-1900 च्या दुष्काळात गुजरात, काठेवाड, राजपुताना या भागांतून आणखी मुली आल्या. 1900 पर्यंत मुक्ती सदनात सुमारे 1,500 रहिवासी आणि 100 हून अधिक गुरे होती.

साधा अंदाज करू. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरले, तरी 1,500 जणींना रोज साडेसात क्विंटल धान्य लागते. महिन्याला सव्वादोनशे क्विंटल. त्यात डाळ, भाजी, तेल, मीठ आणि सरपण वेगळे. शिवाय उपासमारीतून आलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवू घालता येत नाही. आतडी कमजोर झालेली असतात. थोडे, पातळ आणि वारंवार असे खाणे द्यावे लागते. म्हणजे एकाच ठिकाणी आजाऱ्यांचे, लहान मुलांचे आणि कामाला लागलेल्या मोठ्या मुलींचे जेवण वेगवेगळे.

हा पसारा बाहेरच्या आचाऱ्यांवर चालणे शक्य नव्हते. रमाबाईंनी इथे राहणाऱ्यांकडेच काम सोपवले. दळणे, निवडणे, रांधणे, वाढणे मुलीच करत. शेती, दुभती जनावरे, तेलघाणा, विणकाम, शिवणकाम, पुढे छापखाना अशी खाती उभी राहिली. सोबत शाळा होती. अंध मुलींना ब्रेल शिकवले जात होते. अत्याचारातून किंवा फसवणुकीतून आलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा वेगळा विभाग होता.

अन्नछत्रात वाढणारा आणि खाणारा यांच्यात एक रेषा असते. केडगावला ती पुसट झाली. काल जिला पेज भरवली, ती काही महिन्यांनी दुसरीसाठी पीठ मळत होती. तिच्या हाती कौशल्य आले आणि संस्थेचा मजुरीचा खर्चही वाचला.

वाद कशावरून झाला?

रमाबाईंचे काम वादाशिवाय सांगता येत नाही. शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, या भरवशावर न्या. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर सल्लागार झाले होते. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, काही जणी ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, अशा बातम्या आल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. आपण कोणावर सक्ती केलेली नाही, आपल्या प्रार्थनेचे दार फक्त उघडे ठेवले, अशी रमाबाईंची बाजू होती.

केडगावला हा पडदाही उरला नाही. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. 1897 मध्ये शंभरावर मुलींचा भीमेच्या पात्रात बाप्तिस्मा झाला. इथे टीकाकारांचा प्रश्न गंभीर आहे. ज्या मुलीला जेवण, छप्पर आणि माया एकाच हातातून मिळते, तिचा होकार कितपत मोकळा असतो? दुसरी बाजूही तितकीच खरी. त्या वर्षांत यांतल्या बहुतेक मुलींना घरात घ्यायला कोणी तयार नव्हते आणि टीका करणाऱ्या समाजाने तेवढा मोठा भटारखाना उभा केला नव्हता. रमाबाईंचे मोठेपण मान्य करतानाही हा प्रश्न झाकून ठेवण्याचे कारण नाही. अन्न देणारा आणि घेणारा यांच्यात जिथे जिथे सत्तेचे अंतर असते, तिथे तो आजही लागू आहे.

शेवटची वर्षे कशी गेली?

रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याची छपाई केडगावच्याच छापखान्यात मुलींच्या हातून झाली. 1919 मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. संस्थेची सूत्रे जिच्या हाती द्यायची, ती मनोरमा 1921 मध्ये गेली. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावला रमाबाईंचे निधन झाले. 1989 मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. केडगावची संस्था आजही पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने सुरू आहे.

आजच्या टेस्टिंग इव्हेंटसाठी यातून काय घ्यायचे?

चॅरिटी टेस्टिंगमध्ये शेफ बहुधा मानधन न घेता येतात आणि कच्चा माल प्रायोजकांकडून मिळवला जातो. तरीही मंडप, वीज, भांडी, प्रवास, मुक्काम हा खर्च असतोच. तो वजा जाता उरते ती मदत. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायला हरकत नाही. तिकिटाच्या 100 रुपयांतले किती संस्थेपर्यंत पोहोचतात? हा पैसा एका दिवसाच्या जेवणाला जातो, की धान्य, गाय, विहीर, प्रशिक्षण अशा टिकणाऱ्या गोष्टीला? आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांच्यापैकी कोणी त्या स्टॉलमागे उभे आहे का?

तिसरा प्रश्न सर्वात सोपा आहे, त्यासाठी हिशेबाची वही लागत नाही. स्टॉलवर गेल्यावर समोर कोण वाढते आहे, एवढेच पाहायचे.