चेहरे परत देणारा डॉक्टर

लंडनजवळच्या सिडकपमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात काही बाक मुद्दाम निळ्या रंगानं रंगवले होते. इथं बसलेल्या माणसाला बघून दचकाल, अशी ती गावकऱ्यांना आगाऊ सूचना! तिथं बसायचे ते जवळच्या क्वीन्स हॉस्पिटलमधले सैनिक. कुणाचा जबडा उडालेला, कुणाचं नाक. त्यांच्या वॉर्डात आरशाला बंदी होती.

या पोरांना चेहरा परत द्यायचं काम अंगावर घेतलं हॅरॉल्ड गिलीज यांनी. जन्म १८८२ चा, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा. केंब्रिजला शिकताना ते विद्यापीठाच्या बोट रेसमध्ये उतरले, गोल्फही जोरात खेळायचे. पेशानं कान-नाक-घशाचे डॉक्टर. १९१५ मध्ये ते फ्रान्सला गेले, तिथं फुटलेल्या जबड्यांवर चाललेलं काम पाहिलं आणि ठरवलं, आपण हेच करायचं. १९१६ मध्ये ऑल्डरशॉटला त्यांचा वॉर्ड सुरू झाला. सोमच्या लढाईनंतर तिथं सुमारे २,००० जखमी येऊन थडकले. जागा पुरेना, म्हणून १९१७ मध्ये सिडकपचं हॉस्पिटल उभं राहिलं.

कपाळाची कातडी खाली वळवून नाक बनवायची रीत तेव्हा डॉक्टरांना ठाऊक होती. गंमत म्हणजे, ती युरोपला कळली पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेवरून. तिची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली होती. त्यातली मेख अशी, की कातडी एका बाजूनं जोडलेलीच ठेवायची, म्हणजे तिला रक्त मिळत राहतं.

पण कपाळासकट सगळा चेहराच भाजला असेल तर? १९१७ मध्ये एका भाजलेल्या खलाशावर शस्त्रक्रिया करताना छातीवरून उचललेल्या कातडीच्या कडा आत वळताना गिलीजना दिसल्या. त्यांनी त्या शिवून टाकल्या आणि नळी तयार झाली! नळीचं एक टोक छातीला, दुसरं चेहऱ्यावर. आतून रक्त वाहतं आणि उघडी बाजू झाकली गेल्यामुळे जखम चिघळायची भीती कमी. अँटिबायोटिक्स नसलेल्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! नवी जागा रुजली, की मगच नळी कापायची.

तरी एक हार त्यांच्या वाट्याला आलीच. भाजलेल्या एका तरुण वैमानिकाचा अख्खा चेहरा त्यांनी एकाच वेळी बदलायला घेतला. कातडी सडली आणि १९१८ मध्ये तो मुलगा गेला. गिलीजनी त्यातून आयुष्यभराचा धडा घेतला : घाई नाही, टप्प्याटप्प्यानंच जायचं. सिडकपमध्ये ५,००० हून अधिक सैनिकांवर ११,००० च्या वर शस्त्रक्रिया झाल्या. एकेका चेहऱ्याला कित्येक महिने, कधी वर्षं लागली.

१९३० मध्ये ते ‘सर’ झाले, १९६० मध्ये गेले. आज मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडता येतात, त्यामुळे नळीची गरज फारशी उरलेली नाही. कातडीला रक्त मिळालंच पाहिजे, हा नियम मात्र तोच आहे.