नीरा आणि कमलाबाई सोहोनी

सकाळच्या पाळीचे कामगार बोईसर स्थानकावर उतरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची वाट धरतात, त्यापूर्वीच पालघर-डहाणूच्या किनारपट्टीवर शिंदीच्या आणि ताडाच्या झाडांवरची मडकी खाली उतरलेली असतात. वसाहतीतील कारखान्यांत रंगद्रव्ये आणि औषधांसाठी लागणारी संयुगे तयार होतात. मडक्यांत नीरा असते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्हीकडचा व्यवहार कार्बनच्या संयुगांचाच. सजीवांतील द्रव्ये केवळ जीवनशक्तीमुळेच निर्माण होतात, या समजुतीला व्योलरने १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया तयार करून तडा दिला, हे आपल्याकडचा विद्यार्थी न चुकता पाठ करतो. परंतु याच मडक्यातील नीरेचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या डॉ. कमला सोहोनी यांचे नाव त्याच्या कानी क्वचितच पडते.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण दुर्गाबाई पुढे मराठी साहित्यात आणि सार्वजनिक जीवनात किती तेजाने तळपली, हे सांगणे नको. अशा घरातील मुलीने मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविल्यावर १९३३ साली त्याच संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज करावा, यात नवल नव्हते. नवल होते ते उत्तरात. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ती स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून तिला प्रवेश नाकारला. नोबेल पारितोषिक मिळविणारी बुद्धीही पूर्वग्रहापुढे लुळी पडू शकते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि त्यांनी संचालकांच्या दाराशी सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावयाचे, आणि त्यांच्या उपस्थितीने संशोधक पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये. शेवटच्या अटीतील अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले. संस्थेचे दार त्यानंतर इतर स्त्रियांनाही उघडले. १९३६ साली कमलाबाईंना एम.एस्सी.ची पदवी मिळाली.

पुढचा टप्पा केंब्रिजचा. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी नोबेल मिळविलेल्या हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्या दाखल झाल्या. बटाट्याच्या पेशींवर काम करीत असता त्यांना 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य वनस्पतीच्या पेशींतही असल्याचे आढळले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे सरकविण्याचे काम हे प्रथिन करते. प्राण्याच्या स्नायूत जी यंत्रणा अन्नातून ऊर्जा काढते, तिचाच एक दुवा बटाट्यातही असावा, ही जीवसृष्टीच्या एकात्मतेची केवढी साक्ष! जाडजूड प्रबंधांच्या त्या जगात कमलाबाईंचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. अवघ्या चौदा महिन्यांत काम पुरे करून त्यांनी १९३९ साली पीएच.डी. मिळविली आणि त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या.

दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधनशाळा असा प्रवास करून, १९४७ साली विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या विभागात त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडविली. या काळातील त्यांचे विषय पाहण्यासारखे आहेत. परदेशी नियतकालिकांत गाजणाऱ्या प्रश्नांमागे न धावता त्यांनी इथल्या गरिबाचे ताट प्रयोगशाळेत आणले. कडधान्यांत प्रथिने विपुल, पण त्यांच्या पचनासाठी लागणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडविणारी द्रव्येही त्यांतच असतात. वालातील अशा द्रव्याचा त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केला. उष्णतेने या द्रव्याचा जोर ओसरतो. वाल नीट शिजवून खाण्याच्या आपल्या घरोघरच्या रीतीत किती शहाणपण होते, हे त्यावरून उमगते.

नीरेकडे त्या वळल्या त्या राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून. नीरेतील मुख्य साखर म्हणजे आपली नेहमीचीच, बारा कार्बन अणूंची. झाडावरून उतरताच हवेतील यीस्ट तीत शिरते. त्याचे विकर या साखरेचे सहा-सहा कार्बनांच्या दोन साखरांत विभाजन करते, आणि मग त्यांतून दोन कार्बनांचा मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आणखी वेळ गेला की तोच मद्यार्क आंबून शिरक्यातील आम्ल होते. पहाटेचे पेय दुपारी ताडी होते, ते एवढ्याने. मडक्याला आतून चुना लावण्याची जुनी पद्धत यीस्टची वाढ रोखून धरते. कायद्याच्या भाषेत मात्र या काही तासांचे अंतर फार मोठे आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली नीरासुद्धा परवान्याची वस्तू ठरली, आणि ज्यांच्या अंगणात झाड आहे त्यांनाच हे पेय सहजासहजी हाताशी राहिले नाही.

कमलाबाईंच्या संशोधनातून दिसले ते असे: नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह असते आणि ती आटवून गूळ केला तरी ही पोषक द्रव्ये बऱ्याच अंशी टिकतात. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा झाली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. त्यांच्याच संस्थेतील राजकारणाने मात्र संचालकपद त्यांच्यापासून काही वर्षे दूर ठेवले. ते मिळाले, पण उशिरा. बंगलोरच्या दाराशी सुरू झालेली ती कहाणी मुंबईतही पूर्ण संपली नव्हती, असेच म्हणावे लागते.

निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शनासाठी जी संस्था स्थापन केली, तिच्या कामात त्या होत्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या. भेसळ ओळखण्याच्या घरगुती कसोट्या गृहिणींना शिकविणे, हे त्यांना प्रबंधाइतकेच महत्त्वाचे वाटे. १९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा गौरव योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.

त्याच्या सहाच वर्षे आधी, १९९२ साली, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. नीरेची झाडे ज्या किनाऱ्यावर उभी आहेत, तेथून जव्हारचा डोंगर काही फार दूर नाही. दोन्ही आज एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. डहाणूच्या खादी आयोगाच्या केंद्रातून २०२० च्या जूनमध्ये २०० स्थानिक कारागिरांना नीरा आणि ताडगूळ करण्याची अवजारे देण्यात आली. कमलाबाईंचा अहवाल त्याच्या कित्येक दशके आधी सरकारदरबारी पोहोचलेला होता.