डॉ. विष्णू माधव घाटगे

ठाण्याहून कळव्यास जाताना आगगाडी खाडीवरील पुलावरून धावते. ओहोटीच्या वेळी अशा पुलाखाली पाहावे, म्हणजे खांबांमागे फिरणारे भोवरे दृष्टीस पडतात. खांबाच्या बाजूने धावणारे पाणी व त्याच्या आडोशाचे संथ पाणी यांच्यामध्ये एक पातळ थर असतो. तो फार काळ सरळ राहत नाही. गुंडाळला जाऊन त्याचेच भोवरे होतात. हवेचीही रीत हीच. ही रीत जाणून भारतास स्वतःच्या आराखड्याचे विमान देणारे थोर महाराष्ट्रीय म्हणजे डॉ. घाटगे होत.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या खेड्यात झाला. उच्च अध्ययनार्थ ते जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे लुडविग प्रांटल हे त्यांचे गुरू होते. खळबळणाऱ्या प्रवाहात द्रवाचे पुंजके काही अंतर भटकून भोवतालात विरून जातात, अशी कल्पना प्रांटल यांनी १९२५ साली मांडली होती. अशा गुरूच्या हाताखाली घाटगे यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली.

ही विद्या केवळ ग्रंथांपुरती नव्हती. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर झाले, तर हवा पंखाचा पृष्ठभाग सोडते, सुटलेला थर भोवऱ्यांत मोडतो आणि पंखाचा उचल देण्याचा गुण एकाएकी घटतो. शिकाऊ वैमानिकाचे प्राण अशा क्षणी आराखडा करणाऱ्याच्या ज्ञानावरही अवलंबून असतात.

वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. घाटगे तेथे दाखल झाले. महायुद्धाच्या काळात त्यांनी ग्लायडरचा आराखडा केला. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापनही केले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली एच्.टी.-२ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान सिद्ध झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते आकाशात झेपावले. भारतात आराखडा होऊन कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेले हे पहिले विमान. हवाई दलातील कित्येक तरुणांनी त्यावर उड्डाणाचे पहिले धडे गिरविले. १९६५ साली सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले.

१९७४ साली ब्राउन व रॉश्को यांनी अमेरिकेत छायाचित्रांनी दाखविले की, दोन प्रवाहांमधील अत्यंत खळबळलेल्या थरातही मोठे, सुसंगत भोवरे टिकून असतात. गोंधळातही व्यवस्था असते, हे त्यावरून निश्चित झाले. डॉ. घाटगे १९९१ साली निवर्तले. पुलावरून जाताना खिडकीखालच्या पाण्याकडे क्षणभर लक्ष द्यावे. त्यांच्या विद्येचा पहिला पाठ तेथेच लिहिलेला आहे.