पन्नाशीनंतर दारोदार

मैत्रिणींनो, आपल्या आरशापुढच्या फळीवर आज काय काय असतं! पावडर, फेसवॉश, लिपस्टिक. यातल्या बऱ्याच वस्तू बड्या परदेशी कंपन्यांच्या. सगळ्यांत मोठी लॉरेआल. तिची सुरुवात १९०९ साली पॅरिसमध्ये एका रसायनतज्ज्ञानं केसांच्या कलपापासून केली. पण मला आज सांगायचंय ते आपल्या मराठी माणसाबद्दल, ‘विको’च्या केशव विष्णू पेंढरकरांबद्दल.

केशवरावांचं नागपुरात छोटंसं किराणा दुकान होतं. प्रपंच मोठा, मिळकत बेताची. म्हणून ते मुंबईला आले. बाजारात तेव्हा परदेशी क्रीम-पावडरींचा बोलबाला. १९५२ साली टाटांची लॅक्मे सुरू झाली आणि त्याच साली, पन्नाशी उलटलेल्या केशवरावांनी परळच्या लहानशा जागेत ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ काढली. नाव वडिलांचं. आद्याक्षरं जुळवून झालं ‘विको’!

पहिला माल वनस्पतींपासून केलेलं दंतमंजन, वज्रदंती. मोठ्या जाहिरातींना पैसा कुठला? मुलांना बरोबर घेऊन केशवराव दारोदार विकत हिंडले. या वयात हे काय, असं मनात आणलं असतं तर विको उभीच राहिली नसती. मुलगा गजानन औषधनिर्माणशास्त्र शिकला नि धंद्यात आला.

१९७१ मध्ये केशवराव गेले. हळदीचं क्रीम त्यांच्या मागे, १९७५ मध्ये आलं. लगेच अबकारी खात्याशी वाद: हे औषध की सौंदर्यप्रसाधन? प्रसाधन म्हटलं की कर जास्त. कित्येक वर्षं कोर्टकचेरी चालली, पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत. निकाल विकोच्या बाजूनं लागला.

बचत गटांचं काम करताना मला केशवराव हटकून आठवतात. आपल्या रत्नागिरीत उटणं, कोकमाचं तेल बायका किती छान करतात! पण शेजारच्या वाडीत विकायला चला म्हटलं की पाय अडखळतात. लोक काय म्हणतील? शिवाय आता वय झालं! दुसरी अडचण कागदांची. प्रसाधन विकण्यासाठी बनवायचं तर परवाना लागतो, आयुर्वेदिक औषधाला वेगळा. म्हणून आधी नीट चौकशी करा, चार गट मिळून अर्ज करा. आणि विकायला निघताना लाज मात्र घरी ठेवा. आपल्या हातच्या मालाची कसली लाज?