पाताळझऱ्यांचा गणितशिक्षक

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या उत्तर भागात चुनखडीच्या खडकातून उसळणारे शेकडो झरे आहेत. पाणी इतके नितळ की, कित्येक ठिकाणी तळाशी उघडणाऱ्या गुहेचे तोंड काठावरूनही दिसावे. यांतील अनेक गुहांच्या तोंडाशी, पाण्याखालीच, यमदूताचे चित्र असलेला एक फलक उभा असतो. गुहेचे वेगळे शिक्षण घेतले नसेल तर येथूनच मागे फिरा, असे तो बजावतो. अशा गुहांत प्राण गमावलेल्यांमध्ये समुद्रात डुबकी शिकवणारे प्रशिक्षकही आहेत, हेही तो सांगतो. अनुभवी माणसाला अडवणारा हा इशारा ज्या विचारातून आला, तो रुजवण्यात शेक एक्स्ली या शाळामास्तरांचा मोठा वाटा होता.

एक्स्ली यांचा जन्म १ एप्रिल १९४९ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहरी झाला. १९६५ साली, सोळाव्या वर्षी, त्यांनी पाठीवर प्रथम हवेची टाकी बांधली आणि लवकरच ते गुहांकडे ओढले गेले. त्या काळी गुहेतील डुबकीचे प्रमाणपत्र मागण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते देणारे कोणी नव्हते. त्यासाठीची पहिली अमेरिकी संघटना १९६८ मध्ये स्थापन झाली. तोवर हा मुलगा दोरी, दिवा आणि स्वतःच्या चुका यांच्या आधारावर शिकत राहिला. १९७२ च्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांच्या नोंदवहीत गुहेतील एक हजार डुबक्या जमा झाल्या होत्या. जगात तोपर्यंत कोणाच्याही नावावर हा आकडा नव्हता. पुढे झऱ्यांच्याच मुलखात, लाइव्ह ओक गावच्या सुवानी हायस्कुलात ते गणित शिकवू लागले.

याच वर्षांत फ्लोरिडाचे झरे कुप्रसिद्ध होत चालले होते. समुद्रात मुरलेले पाणबुडे सुटीत येत, नितळ पाणी पाहून आत शिरत आणि परतत नसत. मृतदेह बाहेर काढण्याचे काम अर्थातच गुहा ठाऊक असलेल्यांकडे येई, आणि त्यांत एक्स्ली असत. हे झरेच बंद करून टाकावेत, अशी मागणी जोर धरू लागली होती.

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात प्रशिक्षकाचा हात धरून प्रवाळ पाहून आलेल्या वाचकाला यातील मेख चटकन लक्षात येणार नाही. मोकळ्या समुद्रात डोक्यावर पाणी असते. काही बिघडलेच तर शांतपणे वर यायचे, हा तेथील पहिला धडा. गुहेत डोक्यावर खडक असतो. वर जाण्याची सवय जितकी पक्की, तितकी ती तेथे घातक. समुद्रात पायांतील पंख वर-खाली मारत पोहणे सोयीचे असते. गुहेत त्याच हालचालीने तळाचा बारीक गाळ उठतो आणि क्षणापूर्वी स्फटिकासारखे असलेले पाणी दिव्याच्या उजेडातही दुधासारखे गढूळ होते. बाहेरची वाट कोठे, हे मग हाताखालच्या दोरीलाच ठाऊक. म्हणजे शेकडो डुबक्यांचा अनुभव येथे नुसता अपुरा पडत नाही, कधी कधी तो उलटतो.

अनुभवाची मर्यादा एक्स्ली यांनी अगदी जवळून पाहिली होती, आणि तीही मोकळ्या समुद्रात. डिसेंबर १९७१ मध्ये बहामातील अँड्रोस बेटाजवळ तिघांनी साध्या हवेवर ४८० फुटांपर्यंत उतरण्याचा विक्रम करायचे ठरवले. त्यांतील आर्ची फोरफार हे त्या पाण्याचे जुने जाणकार होते. एक्स्ली यांनी ३०० फुटांवर राखणीला थांबायचे होते. खालून फोरफार आणि अ‍ॅन गंडरसन वर येईनात, तेव्हा ते त्यांच्यामागे उतरत गेले. ४६५ फुटांपर्यंत पोहोचले. त्या खोलीवर हवेतील नायट्रोजन मद्यासारखा मेंदूवर चढतो. शुद्ध हरपण्याच्या बेतात असताना त्यांना मागे फिरावे लागले. ते दोघे पुन्हा कोणालाच दिसले नाहीत.

गणिताच्या माणसाने मग जे केले ते त्याच्या स्वभावाला साजेसे होते. त्यांनी मृत्यूंच्या नोंदी मांडल्या आणि त्यांत समान काय आहे ते शोधले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’ या त्यांच्या छोट्या पुस्तकात अपघाताची हकिकत आणि तिच्यातून निघणारा नियम अशी मांडणी आहे. बहुतेक मृत्यूंमागे तीनच कारणे त्यांना आढळली : बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड दोरी नसणे, परतीसाठी दोन-तृतीयांश हवा राखून न ठेवणे आणि साध्या हवेवर मर्यादेबाहेर खोल जाणे.

यांतील दुसरे कारण म्हणजे सहावीच्या मुलाला सुटावे असे गणित आहे. दोघे आत जातात. प्रत्येकाने एक-तृतीयांश हवा संपताच वळायचे. नेमक्या त्या टोकाला एकाची हवा पूर्ण गेली, तरी दुसऱ्याकडे दोन भाग उरतात. एक त्याचा, एक सोबत्याचा. यात घबराटीने वाढणाऱ्या श्वासाला जागा नाही, म्हणून हा नियमसुद्धा किमान समजायचा. बरे, समुद्रातला मुरब्बी पाणबुड्या हा हिशेब करीत नव्हता, तो त्याला कोणी शिकवलाच नव्हता म्हणून. त्याच्या अंगी धैर्य होते, दमसास होता; भागाकार तेवढा नव्हता.

१९८४ मध्ये वेस स्काइल्स या फ्लोरिडाच्याच पाणबुड्या छायाचित्रकाराने नव्या अपघातांची छाननी करून या यादीत आणखी दोन कारणांची भर घातली : गुहेच्या प्रशिक्षणाचा अभाव आणि पुरेसे दिवे नसणे. आज या विद्येच्या पाठात प्रशिक्षणाचे कलम सर्वांत वर असते.

अनुभवी पाणबुड्यांची तक्रार मात्र अगदीच निराधार नाही. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असे भारदस्त नाव असलेले एक लोकप्रिय प्रमाणपत्र अवघ्या पाच डुबक्यांत हाती पडते. तीनशे डुबक्या झालेल्या माणसाला त्यासाठी पैसे मोजायला सांगितले तर तो कुरकुरणारच. पण एक्स्ली यांच्या नोंदी वेगळेच विचारतात. माणूस किती वेळा पाण्यात गेला, यापेक्षा तो ज्या पाण्यात शिरतो आहे त्याचे नियम त्याला कोणी शिकवले आहेत काय, हे त्या पाहतात. स्वतः एक्स्ली गुहा-पाणबुड्यांच्या राष्ट्रीय विभागाचे पहिले अध्यक्ष झाले आणि आपण ज्या शिक्षणाविना वाढलो, ते इतरांना मिळावे यासाठी राबले.

स्वतःपुरते मात्र ते शिकवण्याजोग्या पाण्याच्या पलीकडे जात राहिले. हेलियम मिसळलेल्या वायूवर मेक्सिकोतील मांते नदीच्या उगमात १९८९ साली ते २६० मीटरांहून खोल उतरले. त्यानंतरच्या वर्षी फ्लोरिडातील कॅथीड्रल कॅन्यन या गुहेत तीन किलोमीटरांहून अधिक आत गेले. १९९३ साली दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्सगाट विवरात २६३ मीटरांवर त्यांच्या शरीराला कंप सुटला आणि दृष्टी विस्कटली. प्रचंड दाबाखाली हेलियममुळे मज्जासंस्थेवर होणारा हा परिणाम तेव्हा पाणबुड्यांना फारसा परिचित नव्हता. अशा खोलीचे प्रमाणपत्र कोण देणार? त्या वर्गात ते पुन्हा एकदा पहिलेच विद्यार्थी होते. एकोणतीस वर्षांत गुहेतील चार हजारांवर डुबक्या आणि तरीही विद्यार्थीच.

६ एप्रिल १९९४ रोजी, पंचेचाळीस वर्षे पूर्ण झाल्यानंतर पाचव्या दिवशी, ते मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यातील साकातोन या खोल पाणविवरात उतरले. एक हजार फूट हे लक्ष्य होते. थोड्या अंतरावर दुसऱ्या दोरीने जिम बोडेन उतरत होते. ते २८० मीटरांच्या पुढे गेले, हवा अपेक्षेपेक्षा झपाट्याने संपत असल्याचे पाहून वळले आणि वाचले. वर थांबलेल्यांना काही वेळाने पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांची एकच रांग दिसू लागली.

नेमके काय घडले ते कधीच कळले नाही. काही दिवसांनी एक्स्ली यांची दोरी वर ओढण्यात आली, तेव्हा तिला विळखा पडलेला त्यांचा देह तिच्यासोबत आला. ते सुमारे २७० मीटरांपर्यंत पोहोचले असावेत. त्यांचे आत्मकथन त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. १९७९ चे ते छोटे पुस्तक गुहेत उतरू पाहणारे आजही वाचतात.