इरास्मस आणि एक वाक्य

इरास्मस हा रॉटरडॅमचा. दीक्षेने रोमन मंडळीचा याजक, वृत्तीने पंडित. १५१६ साली त्याने बासेल येथे ग्रीक नवा करार छापविला. पिता, शब्द व आत्मा या स्वर्गातील तीन साक्षींविषयीचे वाक्य (१ योहान ५:७) ग्रीक हस्तलिखितांत न आढळल्याने त्याने गाळले. विरोधकांनी त्याजवर एरियसच्या पाखंडाचा आळ घेतला. पुढे ते वाक्य असलेली एक ग्रीक प्रत दाखविण्यात आली. तेव्हा १५२२ साली त्याने ते घातले, तरी प्रतीविषयी संशय नमूद केला. १५३६ साली तो निवर्तला.

आज बहुतेक नव्या भाषांतरांत ते वाक्य नाही. म्हणून ख्रिस्ताचे ईश्वरत्व डळमळते काय? योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ व थोमाची कबुली जागच्या जागी आहेत. सत्याला उसन्या टेकूची गरज नाही, असे आम्ही मानतो.