कै. शंकरराव चव्हाण : नांदेडचे वकील, देशाचे अर्थमंत्री

ज्या नांदेड-लातूरच्या भूमीत आमची ख्रिस्तमंडळी नांदते, तिने देशास एक अर्थमंत्री दिला, याचे आम्ही या महोत्सवी अंकात स्मरण करतो.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठण येथे झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली आरंभिली. परंतु निजामी राजवटीविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थांची हाक येताच ती सोडून ते उमरखेडच्या छावणीत दाखल झाले. हैदराबाद मुक्त झाल्यावर, १९५२ पासून, ते नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पुढे विधानसभा, पाटबंधारे खाते आणि १९७५ साली मुख्यमंत्रिपद, अशा पायऱ्या ते चढले. त्यांच्या जन्मगावी गोदावरीवर जायकवाडीचे धरण उभे राहिले. कोरड्या शिवारास पाणी मिळाले. मात्र कित्येक गावे जलाशयाखाली गेली, हेही विसरता येत नाही.

जून १९८८ मध्ये देशाचा खजिना त्यांच्या हाती आला. २८ फेब्रुवारी १९८९ च्या अंदाजपत्रकात त्यांनी ५०,००० रुपयांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांच्या प्राप्तिकरावर शेकडा ८ अधिभार बसविला व मागासलेल्या जिल्ह्यांतील गोरगरिबांच्या रोजगारासाठी ५०० कोटी रुपये राखून ठेविले.

त्यांच्या करड्या शिस्तीमुळे लोक त्यांस हेडमास्तर म्हणत. २६ फेब्रुवारी २००४ रोजी ते निवर्तले. ते आमच्या धर्माचे नव्हते. तथापि हाती सोपविलेल्या द्रव्याचा हिशेब धन्यास द्यावा लागतो, ही शुभवर्तमानातील शिकवण त्यांच्या चरित्रावरून आम्हांस पुन्हा आठवते. धर्मग्रामाची पेटी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ती मनी धरावी.